गोरज मुहूर्त न घेणारा फोटोग्राफर

लातुरात खोली शोधत फिरत होतो तेव्हा मला आडनाव न विचारणारा एकच माणूस भेटला. बाकी सगळे आधी आडनाव विचारायचे, मग गाव, मग गावात घर कुठल्या अंगाला. एवढं ऐकून झालं की त्यांच्या रिकाम्या खोलीत अचानक पुतण्या राहायला यायचा असायचा. हे मी गाऱ्हाणं म्हणून लिहीत नाही. गाऱ्हाण्यांची पत्रकं मी वेगळी काढलेली आहेत आणि ती जिथं चिकटवायची तिथं चिकटवलेली आहेत.

गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत एका फोटो स्टुडिओच्या दारावर 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी होती. काउंटरमागं कपाळाला विभूती लावलेले, गळ्यात लिंग असलेले एक गृहस्थ कॅमेऱ्याची काच धोतराच्या सोग्यानं पुसत बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "सकाळी कितीला उठतोस?"

मी म्हणालो, सहा-साडेसहाला.

"मंग बग बाबा. दिवस उगायच्या आधी मी जिन्याची कडी काढतो. ती लई वाजती. झोपमोड झाली म्हणून तकरार चालणार न्हाई."

म्हणलं, तकरार करणं हेच माझं काम आहे, पण झोपेची करणार नाही. ते हसले नाहीत. चावी पुढं सरकवली आणि पुन्हा काच पुसायला लागले. पुढच्या आठवड्यात त्यांना माझं आडनाव कळलं, कारण माझं पत्र त्यांच्या पत्त्यावर आलं. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं आणि पत्र माझ्या हातात दिलं. बाकी काही बोलले नाहीत. मी आप्पा म्हणायला लागलो ते तेव्हापासून. ते मला पुढारी म्हणायचे, आणि ते कौतुकानं म्हणत नव्हते.

जिल्हा तेव्हा नवा होता. दुकानांच्या पाट्यांवर नवा जिल्हा रंगवून झाला होता, एसटीच्या बोर्डावर झाला होता, लग्नपत्रिकांत सुद्धा लोक हौसेनं 'जि. लातूर' छापायचे. आणि त्याच वेळी पावसानं पाठ फिरवली होती. जिल्हा नवा, नळ जुने, आणि जुन्या नळांना पाणी नाही. माझं पहिलं पत्रक याच वाक्यानं सुरू होत होतं. आप्पांना ते आवडलं नव्हतं, ते पुढं सांगतो.

आप्पांचा स्टुडिओ दिवसातून दोनदा बंद व्हायचा. सकाळी दिवस उगताना आणि संध्याकाळी मावळताना. त्या वेळी दारात राज्यपाल उभे राहिले असते तरी त्यांना बाहेरच्या बाकावर बसावं लागलं असतं. खांद्याला कॅमेरा, हातात लाकडी तिपाई, आणि आप्पा सायकलवरून गावाबाहेर. उगवतीला औशाच्या रस्त्यानं, मावळतीला बार्शीच्या. का, तर सूर्याचे फोटो काढायला. त्यांच्याकडं सूर्याच्या फोटोंनी भरलेल्या पत्र्याच्या पेट्या होत्या. सगळे फोटो त्यांनी स्वतःच नापास केलेले होते. पाठीमागं पेन्सिलीनं कारण लिहिलेलं असायचं. 'मधोमध.' 'क्षितिज कललं.' 'घाई.' एकावर नुसतंच 'गाढव' असं होतं आणि ते कुणाला उद्देशून होतं हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आता एखादा माणूस म्हणेल, छंद आहे, असू दे. पण हा छंद धंद्याच्या मुळावर येणारा होता. आमच्या भागात लग्नं लागतात गोरज मुहूर्तावर. गुरं घरी यायची वेळ, दिवस बुडायची वेळ. फोटोग्राफरला बोलावतात ते त्याच घटकेसाठी. आणि हा माणूस गोरज मुहूर्ताचं लग्न घ्यायचाच नाही. सकाळचं घ्यायचा, दुपारचं घ्यायचा. गोरज म्हणलं की, "त्या टायमाला मी खाली नसतो."

एकदाच घेतलं. अव्वांच्या मावसबहिणीच्या पोरीचं लग्न होतं, रेणापूरला. अव्वा म्हणजे आप्पांची बायको. नात्यातलं काम, नाही म्हणता येईना. आप्पा गेले, हळदीचे फोटो काढले, वरातीचे काढले. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा मांडवाच्या पश्चिमेकडून उजेड तांबडा व्हायला लागला. शेवटच्या कडव्याला आप्पा जागेवर नव्हते. अंतरपाट निघाला, हार पडले, अक्षता पडल्या, आणि आप्पा मांडवाच्या मागं गोठ्यापाशी गुडघ्यावर बसून मांडवाचा खांब आणि त्याच्या बाजूला बुडणारा सूर्य टिपत होते. अल्बममध्ये हार घालतानाच्या फोटोच्या जागी तो फोटो लावलेला मी स्वतः पाहिला आहे. पोरीच्या बापानं विचारलं, नवरा-नवरी कुठं आहेत? आप्पा म्हणाले, "ते तुमच्या घरीच हायेत की. हा सूर्य परत मिळणार नव्हता."

त्यानंतर नात्यातल्या कुणी बोलावलं नाही. अव्वा मात्र ते वर्षानुवर्षं बोलत राहिल्या. सकाळी सायकल निघाली की दारातून आवाज यायचा, "सूर्य काय तुमचा सासरा लागतो का, रोज उठून भेटायला जाता? माझ्या बापाला तर वर्सातनं एकदा भेटत न्हवता."

नवीन जोडपी यायची, एखादं सिनेमातलं बघून सांगायची की असा फोटो काढा, हिच्या तळहातावर सूर्य ठेवल्यासारखा. आप्पा त्यांच्याकडं खिन्नपणे बघायचे. "सूर्य काय लाडू हाय का?" एवढंच विचारायचे आणि आतल्या पडद्यापुढं त्यांना स्टुलावर बसवायचे.

मला त्यांनी शिकवायचं ठरवलं, ते मी विचारलं म्हणून नाही. कडी वाजल्यावर मला जाग यायची आणि जागा माणूस बिनकामाचा बसलेला त्यांना बघवायचा नाही. फिल्मच्या खोक्याच्या पुठ्ठ्याला त्यांनी एक चौकोनी खिडकी कापलेली होती. ती हातात द्यायचे आणि म्हणायचे, बघ यातून. कॅमेरा नंतर.

"फोटो म्हणजे तीन खणाचं घर समज. सूर्य पाव्हणा हाय. पाव्हण्याला मधल्या खणात बसवलं की घरच्यांनी कुठं बसायचं? त्याला बाजूच्या खणात बसव. आणि जमीन-आभाळाची रेघ पण मधी आणू न्हाई, फोटो मधोमध फाटल्यावानी दिसतो."

फोकसचंही तसंच. मी पहिल्या दिवशी काच फिरवून सूर्य स्पष्ट करायला बघत होतो. आप्पांनी माझा हात धरला. म्हणाले, नुसत्या डोळ्यानं तरी त्याच्याकडं रोखून बघतोस का तू? मग कॅमेऱ्यातून कशाला बघून राहिला? आंधळा होशील. सूर्य फोकसमध्ये आला काय, न आला काय, त्याला ओळख लागत नाही. फोकस लावायचा तो त्याच्या अलीकडं जे उभं आहे त्याच्यावर. बाभळ असेल तर बाभळीवर, बैल असेल तर बैलावर. "अलीकडं काहीच उभं नसंल तर कॅमेरा पिशवीत घालायचा आन् घरी यायचं. नुसता सूर्य तर कॅलेंडरवाले बी काढतेत."

हे तत्त्व त्यांनी पाळलेलं मी बघितलं आहे. एकदा मला नांदेडला पत्रकं छापायला जायचं होतं, कारण लातूरचा छापखानेवाला माझी भाषा वाचून घाबरला होता. आप्पा बरोबर निघाले. तरुणपणी ते नांदेडलाच शिकले होते, गुरुद्वाऱ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका स्टुडिओत. गोदावरीच्या घाटावर उभं राहून त्यांनी मला दाखवलं की दिवस बुडाला म्हणून सामान गुंडाळायचं नसतं. लोक उठून गेले. आप्पा बसून राहिले. थोड्या वेळानं नदीच्या डबक्यांमधून जांभळा, केशरी असा काही रंग वर आला की मी पत्रकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बघत बसलो. "दुकान बंद झाल्यावर खरा माल बाहेर काढतेत काही व्यापारी," आप्पा म्हणाले. "मावळतीचं तसंच हाय." दुसऱ्या दिवशी रेल्वेनं आम्ही इस्लापूरला गेलो, सहस्रकुंडाचा धबधबा बघायला. धबधबा नव्हता. काळा खडक होता आणि खाली हिरवं शेवाळलेलं पाणी. मावळती झकास झाली. आप्पांनी पुठ्ठ्याच्या खिडकीतून सगळीकडून बघितलं, खडकावर बसून शेंगा खाल्ल्या आणि एकही फोटो न काढता परत आले. मी चिडलो. एवढा प्रवास कशासाठी केला? ते म्हणाले, "न काढायला बी यावं लागतं."

माझ्या पत्रकाकडंही ते त्याच पुठ्ठ्यातून बघायचे. पत्रक वाचायचे नाहीत. टेबलावर ठेवून, उभं राहून, पुठ्ठा डोळ्याला लावून बघायचे. "पुढारी, हे लई भरलंय. वरपासून खालपर्यंत वरडून राहिलंय. डोळ्याला कुठं टेकायला जागा ठिवलीस का?" मी म्हणायचो, आप्पा, लोकांना पाणी नाही आणि तुम्ही जागा सोडायचं बोलताय. माझ्याकडं सांगायला इतकं आहे की कागद पुरत नाही. ते म्हणायचे, "म्हणून तर कुणी वाचंना." मला तेव्हा त्या माणसाचा रागच यायचा. गावंच्या गावं पाण्यावाचून बसलीत आणि हा माणूस सूर्याला कुठल्या खणात बसवायचं याची फिकीर करतोय. त्यात एकदा ते सहज बोलून गेले की दुष्काळात सूर्य लई चांगला येतो, हवेत धूळ असते, ती त्याचा भगभगीतपणा काढून घेते. दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी कळलं, त्यांच्या ते लक्षातही आलेलं नव्हतं.

आता आमच्या वस्तीबद्दल. रेणापूरच्या पुढं आमचं गाव आहे. नाव लिहीत नाही, पुन्हा वांधे नकोत. गावाबाहेर आमची बौद्धांची वस्ती आणि वस्तीची वेगळी विहीर. त्या साली विहिरीला पाणी नव्हतंच म्हणायचं. रात्रभरात तळाला थोडं पाझरायचं, बायका पहाटे एकीला दोरानं खाली सोडायच्या, ती वाटीनं पाणी कळशीत भरायची आणि कळशी वर ओढायची. दिवस वर येईपर्यंत विहीर पुन्हा कोरडी. टँकर पाहिजे होता. टँकर मिळायचा तर सरकारी पाहणी व्हायला पाहिजे होती. अर्ज मी लिहिले, आणि एकदाची पाहणी ठरली.

साहेब येणार म्हणल्यावर वस्तीनं काय केलं असेल? सगळ्यांनी आपापल्या घरातलं पाणी जपून ठेवलं. आठवडाभर कुणी अंघोळ केली नाही. लेकरांना अर्धा-अर्धा पेला दिला. आणि साहेब यायच्या दिवशी अंगणात सडा टाकला, रांजण काठोकाठ भरला, हंडे घासून, भरून, ओळीनं मांडून ठेवले. शहरातून आलेला मोठा अधिकारी आमच्या वस्तीत खुर्चीवर बसणार, आमच्या हातचं पाणी पिणार. ज्यांच्या बापजाद्यांना पाण्याला हात लावू दिला नव्हता, त्या म्हाताऱ्यांच्या लेखी ही केवढी गोष्ट होती, ते आडनाव विचारणाऱ्यांना नाही कळायचं. आईनं तांब्या राखेनं घासून चांदीसारखा केला होता. साहेबानं पाणी पिलं, गोड आहे म्हणाला, चहा घेतला, हात धुतले, भरलेल्या हंड्यांच्या ओळीकडं बघितलं आणि निघून गेला. कागदावर लिहिलं: पाणीपुरवठा समाधानकारक, टँकरची आवश्यकता नाही.

मी लातूरहून धावत गेलो. आईला म्हणलं, काय म्हणून भरून ठेवलं तुम्ही? आई माझ्यापेक्षा जास्त चिडली.

"घरी आलेल्या माणसाला रिकामा हंडा दावायचा का? असं शिकवलं का तुला कॉलेजात?"

मी पत्रक काढलं. सगळी हकिकत छापली, मोठ्या ठळक अक्षरात. त्याचं काय झालं? काही झालं नाही. कागदावर सही होती आणि सहीपुढं पत्रकाला कोण विचारतं. मग मला सुचलं की फोटो पाहिजे. विहिरीच्या तळाचा, भर दुपारचा, रखरखीत. तो फोटो पाहणीवाल्याच्या वरच्या मोठ्या साहेबांच्या टेबलावर आपटायचा. मी आप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझ्या वस्तीला पूर्वेकडनं उघडं हाय का?"

झालं असं होतं की एका नव्या कचेरीच्या सभागृहासाठी आप्पांना सूर्योदयाचा मोठा रंगीत फोटो मागितला होता. नवा जिल्हा, नवी पहाट, असलं काहीतरी. आणि एवढ्या पेट्यांमधून त्यांना एकही पास फोटो सापडत नव्हता. मी संतापलो. म्हणलं, आमच्या तहानेच्या जागी तुम्हाला सूर्य पाहिजे? तर म्हणाले, दुपारी मी फोटो काढत नाही, दुपारी सगळंच सपाट दिसतं, दुःख पण. यायचं तर पहाटेला येईन. मी हो म्हणालो, कारण दुसरा फोटोग्राफर कोण येणार होता?

आदल्या संध्याकाळी आम्ही वस्तीत पोचलो. आई दारात अवघडून उभी राहिली. हळूच मला विचारलं, आपल्या हातचं खातेत का हे? आप्पांनी ऐकलं. म्हणाले, "खातो की. तिखट कमी टाका, बाई." बस्स, एवढंच.

पहाटे विहिरीवर बायका जमल्या होत्या. एक जण आत उतरली होती, दोघी दोर धरून वाकलेल्या. आणि नंबर लावायला ठेवलेल्या हंड्यांची ओळ विहिरीपासून पार बांधापर्यंत आलेली. सगळे हंडे पालथे. आप्पा बांधावर चढले, पुठ्ठा डोळ्याला लावला आणि पहिल्यांदा त्यांच्या तोंडून बारीक आवाज निघाला, जसा माणूस गरम चहा तोंडाला लागल्यावर काढतो. तिपाई मांडली. एवढ्यात बायकांना कळलं की फोटो निघणार आहे. त्या धावल्या. आईनं पहिला हंडा सुलटा केला, दुसरीनं दुसरा, एकीनं पदरानं पुसायला घेतला. फोटोत घरचं भांडं पालथं दिसणं बरं दिसत नाही ना.

"राहू द्या बाई," आप्पा वरून म्हणाले. "जसं हाय तसं ठिवा. मी तुमचा पाव्हणा न्हाई."

आई क्षणभर बघत राहिली. मग तिनं हंडा पुन्हा पालथा घातला.

सूर्य वर आला तो धुळीतून, तांबडा, मऊ. आप्पांनी त्याला वरच्या कोपऱ्यात, उजव्या खणात बसवलं. फोकस लावला तो सगळ्यात अलीकडच्या हंड्यावर, कॅमेऱ्याचं छिद्र एवढं बारीक केलं की तिथपासून विहिरीपर्यंतचा एकेक हंडा त्याच्या पोच्यांसकट दिसावा. मी शेजारी उभा राहून कटकट करत होतो की बायकांची तोंडं दिसत नाहीत, त्या वाकल्यात, त्यांचं दुःख दिसत नाही. त्यांनी माझ्याकडं लक्ष दिलं नाही. एकच फोटो काढला. परत येताना एसटीत पूर्ण वेळ त्यांचे डोळे मिटलेले होते.

फोटो हैदराबादला पाठवून मोठा करून आणला. खरं सांगतो, तसा फोटो मी अजून बघितला नाही. तो सभागृहात लागला त्या दिवशी आप्पांनी काळा कोट घातला होता. फुलं होती, भाषणं होती. आमच्याकडं पाणी पिऊन गेलेले साहेबही होते. ते फोटोपुढं बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, आता ओळखतील. ते म्हणाले, "वा, काय सूर्य धरलाय. ही खरी आपल्या जिल्ह्याची पहाट." मागचे सगळे म्हणाले, वा. मोठे साहेब म्हणाले, वा. चहा आला.

आप्पा थेट घरी आले. स्टुडिओत शिरून कोट खुंटीला लावला आणि म्हणाले, "फोटो चुकला माझा."

मी म्हणालो, फोटो कशाला चुकेल, माणसं चुकली. आंधळी आहेत. उद्या पत्रक काढतो.

"बगणारा कधी चुकत नसतो, पुढारी. काढणारा चुकतो. त्यांची नजर सूर्यावरच अडकून राहिली. हंड्यापातुर कुणी खाली उतरलंच न्हाई. पाव्हण्याला एवढं सजवलं म्या, का घरचे कुणाला दिसलेच न्हाईत."

हे वाक्य मला तेव्हा पटलं नाही. आता प्रत्येक पत्रक छापायला देण्याआधी मी ते स्वतःला म्हणून दाखवतो. स्टुडिओच्या जागी आता झेरॉक्सचं दुकान आहे. आप्पा शेवटी उदगीरला लेकीकडं गेले आणि तिथंच वारले. पेट्यांचं काय झालं, कुणाला ठाऊक नाही. अव्वांनी त्यातल्या एकीत गहू भरल्याचं ऐकलं आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. त्या बाईचा तेवढा हक्क होता.

तर, सभागृहात फोटो लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी आप्पा कचेरीत गेले. शिपायाला म्हणाले, काचेच्या आत धूळ गेलीय, साफ करून आणतो. फ्रेम सायकलवर बांधून घरी आणली. काउंटरवर फोटो पसरला, पोलादी पट्टी ठेवली आणि ब्लेड घेतलं. मला वाटलं कड सारखी करतायत. त्यांनी जमीन-आभाळाच्या रेघेवर पट्टी ठेवली आणि वरचं सगळं आभाळ सूर्यासकट कापून काढलं. अव्वा आतल्या दारात उभ्या होत्या.

"सासऱ्याची मानच उडवली की हो," त्या म्हणाल्या, पण आवाजात टोमणा नव्हता.

फ्रेम मोठी आणि फोटो आता कमी. वरच्या रिकाम्या जागेत आप्पांनी काळा पुठ्ठा बसवला. खाली राहिली तेवढी जमीन. तिच्यावर तांबूस तिरका उजेड, वाकलेल्या दोन बायका, आणि विहिरीपासून आपल्या पायापर्यंत आलेली पालथ्या हंड्यांची ओळ, लांबलचक सावल्यांसकट. त्याच संध्याकाळी फ्रेम परत भिंतीवर. शिपायानं काच स्वच्छ झाली का एवढंच बघितलं.

पुढच्या सोमवारी त्या सभागृहात लोकांची गाऱ्हाणी ऐकायचा दिवस होता. मी वस्तीतल्या बायकांना घेऊन गेलो. आई पुढं होती. माझ्या खिशात भाषण होतं. मोठे साहेब आले, बसले, समोर बघितलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी विचारलं, हा फोटो असा कसा झाला, यातला सूर्य कुठं गेला, वर हे काळं काय लावलंय? आमचा चहा पिऊन गेलेले साहेब शेजारीच बसले होते, ते घाईनं म्हणाले की आजच बदलून घेतो. पण मोठे साहेब तोपर्यंत उठून फोटोजवळ गेले होते. वर बघायला काही नव्हतं, म्हणून खाली बघत होते.

"हे ओळीनं काय ठेवलंय?" त्यांनी विचारलं. ते बाहेरच्या मुलखातले होते.

मी खिशात हात घातला. तेवढ्यात आई बोलली.

"हंडे हायेत, साहेब."

"पालथे का घातलेत?"

"पाणी नसलं की पालथाच ठिवतेत हंडा. आत धूळ बसती न्हाईतर." मग शेजारच्या साहेबांकडं तिनं बघितलं, अगदी सरळ, घरी आलेल्या पाहुण्याकडं बघावं तसं. "हे साहेब आले तवा आमी भरून ठिवले होते. आठ दिस लेकरांच्या तोंडचं काढून. साहेब येणार म्हणून. आमची चूक झाली."

पाहणीवाले साहेब समोरचा कागद सारखा करत राहिले. मोठे साहेब आईकडं, मग पुन्हा भिंतीकडं बघत होते. त्यांनी गावाचं नाव विचारलं, आमच्या वस्तीची फाइल मागवली, उभ्यानंच वाचली, आणि तिथंच सांगितलं की उद्यापासून टँकर जाईल. माझं भाषण खिशातच राहिलं. चांगलं होतं, पण तिथं त्याला जागा नव्हती.

टँकर आला. खरोखर आला, दुसऱ्या दिवशी दुपारी, धूळ उडवत. बायकांनी ओळीतले हंडे सुलटे केले तेव्हाचा तो खणखणाट मी उभ्यानं ऐकला आणि मिळेल त्या ट्रकनं लातूरला आलो. आप्पा मावळतीला निघण्याच्या घाईत होते, सायकलला तिपाई बांधत होते. मी सगळं सांगितलं. ते नुसते हाव, हाव म्हणत राहिले. दोरीची गाठ बसत नव्हती. कचेरीचा शिपाई सकाळीच येऊन गेला होता, फोटो पहिल्यासारखा करून द्या म्हणून निरोप होता. आप्पांनी त्याला निगेटिव्ह खराब झाल्याचं सांगितलं होतं. झाली नव्हती.

मी विचारलं, आप्पा, एवढा फोटो, जन्मात एकदा पास झालेला. कापताना जीव तुटला नाही का?

त्यांनी गाठ आवळली, सायकलवर टांग टाकली.

"सूर्याचं काय घेऊन बसलास. त्याला कुणाची सही लागत न्हाई, उद्या बी येतोय. टँकरचं तसं न्हाई. तू उद्या तिथं जाऊन उभा राहा."

मी जाऊन उभा राहिलो. टँकर आला, उशिरा आला. त्याच्या पुढच्या दिवशीही राहिलो. त्याच्या पुढच्या दिवशी आला नाही, तेव्हा आईनं आपला हंडा उचलला, पालथाच, आणि आम्ही तसेच कचेरीच्या रस्त्याला लागलो.